पिवळी टोपी भिंतीपाशी चालत राहिली

माझ्या मुलीला रामल्यातल्या आमच्या घरची टेलिफोनची लाईन फार आवडायची, कारण ती खराब होती. तेल अवीवला तिच्या हापिसात सगळ्या तारा नव्या. तिथं त्यांनी बनवलेला कॉम्प्युटरवरचा खेळ झकास चालायचा. पण तो खेळ खेळणारी माणसं गावोगाव आपापल्या घरी बसणार, आणि त्यांच्या तारा आमच्यासारख्याच खरखरणाऱ्या असणार. तेव्हा खराब लाईनवर रोज बसून खेळून दाखवणारा माणूस तिला हवा होता. तो मी. चौथी पास, वय सत्तरीला टेकलेलं, हिब्रू दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरती. हापिसातले लोक मला "आमचा सगळ्यात वाईट खेळाडू" म्हणतात असं तिनं एकदा हसत सांगितलं. मी म्हटलं, सगळ्यात वाईट लाईन म्हणा. खेळाडूचं नाव घ्यायचं नाही.

दोन हजार सालानंतरचे दिवस होते ते. बसमध्ये, बाजारात, थांब्यावर स्फोट व्हायचे. घरातलं माणूस सकाळी बाहेर पडलं की मागे राहणारा संध्याकाळपर्यंत रेडिओपाशी बसून राहायचा. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, तेल अवीवला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची, बसनं कामाला जायची. शुक्रवारी शब्बाथला, आठवड्याच्या सुट्टीला, घरी यायची. ती पाच वर्षांची असताना आम्ही मुंबईहून इथं इस्राएलला आलो, त्यामुळे ती इथल्यासारखीच, बापाला अबा म्हणते आणि अरेतुरे करते. पहिल्या पहिल्यांदा टोचायचं. मग सवय झाली.

खेळ संत्र्यांच्या बागेचा होता. प्रत्येकाची एक बाहुली. झाडावरची संत्री तोडायची, टोपलीत भरायची, गाडीपाशी न्यायची. माझ्या बाहुलीला लाल सदरा, तिच्या बाहुलीला पिवळी टोपी. मला दुपारी चार वाजता बसायचं असायचं, तेवढा वेळ आमचा फोन बंद. एकच लाईन, ती कॉम्प्युटरनं धरली की घरात फोन येत नाही आणि जात नाही. बायको कुरकुरायची, पण मुलीचं काम म्हणून गप्प बसायची.

पहिल्याच आठवड्यात मी चिडलो. मी एक संत्रं तोडलं, हातात दिसलं, आणि बघता बघता हातातून गेलं. तिच्या टोपलीत जाऊन पडलं. मी शुक्रवारी ती घरात शिरताच सुरुवात केली.

"चोरी करतेस बापाची?"

"अबा, ते मी आधीच तोडलं होतं. तुला खबर उशिरा कळली."

"मग माझ्या हातात कसं काय दिसलं?"

"तुझ्या मशीननं धरून चाललं की तुला मिळेल. मग हापिसातल्या मुख्य कॉम्प्युटरनं सांगितलं की नाही, ते तिचं. तेव्हा परत घेतलं."

"धरून चाललं! आधी विचारायला काय झालं होतं?"

"विचारून जबाब येईपर्यंत तू नुसता बघत बसशील. माणसानं बटन दाबलं की बाहुली लगेच हलली पाहिजे, नाहीतर माणूस उठून जातो. म्हणून आधी हलवायचं, मग विचारायचं. चुकलं असेल तर ओढून जागेवर आणायचं."

आधी हलवायचं, मग विचारायचं. मी इथं कारखान्यात वीस वर्षं काढली ती सोडा. त्याच्या आधी मी मुंबईच्या पलीकडे एकेरी लाईनवर रेल्वेचा गेटमन होतो. फाटकाला लागूनच आमची खोली. आमच्याकडे आधी हलवणाऱ्याला घरी पाठवत. स्टेशनातून मास्तर फोन करायचे, गाडी येतेय, गेट लाव. मी दोन्ही बाजूंनी गेट लावायचं, कुलूप घालायचं, मगच फोनवर येऊन प्रायव्हेट नंबर द्यायचा. तो दोन आकडी असतो. साहेबाकडून छापील कागद यायचा, त्यावर उलटसुलट आकडे. एक आकडा एकदाच वापरायचा, मग त्यावर रेघ. मी सत्तेचाळीस म्हटलं की मास्तरांना कळलं, हा गेटवाला जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आत्ताचं बोलतोय, आणि गेट बंद आहे. मग ते सिग्नल पाडणार. नंबर नाही तर गाडी नाही.

हे सगळं मी मुलीला ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकलं. ऐकते ती, नाही असं नाही.

"तुझ्या गाडीत माणसं होती, अबा. इथं संत्री आहेत."

"आणि तू मला पडद्यावर दिसतेस ती? ती तरी खरी का?"

"ती मघाची मी. खबर यायला वेळ लागतो ना, म्हणून तुझं मशीन मला जरा मागंच दाखवतं. आणि मध्ये खबर चुकली, तर माझी शेवटची चाल तशीच पुढे चालवतं. उजवीकडे पळत असले तर उजवीकडे पळवत राहतं."

"किती वेळ?"

"खबर येईपर्यंत. अर्ध्या सेकंदात येते."

"आणि नाहीच आली तर?"

"येते रे, अबा."

मग तिनं आणखी एक सांगितलं ते माझ्या मनात अडकून बसलं. प्रत्येक खबरेवर अनुक्रमाचा आकडा असतो. पुढची खबर आधी येऊन पोचली आणि मागची मागाहून आली, तर मागची उघडायची नाही, फेकून द्यायची. तिचा काही उपयोग नसतो. मला माझ्या थोरल्या भावाचं पत्र आठवलं. तो ठाण्याला वारला, त्याची तार आम्हाला आधी आली. आठ दिवसांनी त्याच्या हातचं पत्र आलं, माझा खोकला बरा आहे, तुम्ही काळजी करू नये. मी विचारलं, "तुझं मशीन ते पत्र फेकून देईल?" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, मी नाही फेकलं. कपाटात आहे.

पण खेळात चालढकल मला चालणार नव्हती. मी एका वहीच्या कागदावर आकडे लिहिले, उलटसुलट, जसे साहेबाकडून यायचे तसे, आणि त्याच आकड्यांचा दुसरा कागद तिला दिला. म्हटलं, रोज चारला बसल्यावर मी पडद्यावर निरोप लिहायच्या खालच्या पट्टीत एक आकडा टाकीन, तू त्याच्यापुढचा टाकायचास, दोघांनी रेघ मारायची. त्याशिवाय मी खेळणार नाही. ती पोट धरून हसली. "अबा, मशीनला माहीत असतं तू कोण आहेस." मी म्हटलं, मशीनला असेल, मला नको का? तिनं तो कागद हापिसात आपल्या पडद्याच्या कडेला चिकटवला. तिथले लोक विचारायचे हे काय, तर ती सांगायची, रेल्वेचं आहे.

दीड-दोन महिने बरे गेले. मग आमचं भांडण झालं.

त्या आठवड्यात एका बसमध्ये स्फोट झाला होता. आमच्यातलं कोणी नव्हतं, पण ती बस त्याच मोठ्या रस्त्यावरची होती जिथून मुलगी जायची. मी तिला म्हटलं, रोज सकाळी हापिसात पोचलीस की फोन कर, संध्याकाळी खोलीवर गेलीस की फोन कर. दोन फोन. जास्त काही मागत नाही.

"अबा, मी अठ्ठावीस वर्षांची आहे. मी कुणाला हजेरी देत नाही."

"हजेरी नव्हे, पोचल्याची खबर."

"आणि एखाद्या दिवशी विसरले तर? तू इथं मरशील, आईला मारशील. त्यापेक्षा नकोच."

"मग फोनच करू नकोस," मी म्हणालो. "मीही करणार नाही. बघू कोणाचं अडतं."

"दय, अबा!" म्हणाली ती. दय म्हणजे बस झालं. आणि बॅग उचलून गेली. पुढच्या शुक्रवारी आली नाही. बायको म्हणाली, अहो तुम्ही मोठे, तुम्ही करा फोन. मी म्हटलं, बोललो ते बोललो.

चारचं काम मात्र दोघांनी सोडलं नाही. ती ड्यूटी होती. ती यायची, पिवळी टोपी दिसायची, मी माझी संत्री तोडायचो. पण पहिल्याच दिवशी मी वाट बघत बसलो की आधी ती आकडा टाकील, आणि ती बहुधा वाट बघत बसली की मी टाकीन. कोणीच टाकला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तो कागद तिथंच थांबला, पुढच्या आकड्यांवर रेघ नाही. कीबोर्डाखालीच होता. माझं मनगट रोज त्याला लागायचं.

नवव्या दिवशीची गोष्ट.

चारला बसलो. पिवळी टोपी आली. दोन-तीन झाडं तिनं केली, मी केली. नंतर ती उजवीकडच्या बांधाच्या भिंतीकडे निघाली, गाडी तिकडेच असायची. मी आपल्या झाडांना लागलो. आणि त्या दिवशी माझा हात असा चालला म्हणता! संत्रं तोडलं की हातात, हातातून टोपलीत, एकही परत गेलं नाही. एकदाही बाहुली ओढून मागे आली नाही. इतके दिवस धक्के खाऊन खाऊन मी विटलो होतो, त्या दिवशी लोण्यातून सुरी फिरावी तसं सगळं. मला वाटलं, आज हिला हरवतो. खरं सांगतो, मनात हसू फुटलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला रेडिओ मोठा झाला. गाणं मध्येच तोडून बाई भरभर बोलायला लागली. ते गाणं तोडणं आम्ही सगळे ओळखायचो. बायको ओल्या हातानं दारात आली.

"तेल अवीव. तिच्या हापिसाची गल्ली मोठ्या रस्त्याला लागते ना, तो थांबा. अहो, तोच थांबा."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण पडद्यावर पिवळी टोपी होती. भिंतीपाशी, पाय टाकत होती. मी बोट दाखवलं.

"ही बघ. कामावर बसलीय. चालतेय ती."

बायको वाकून बघायला लागली. तिला कॉम्प्युटरातलं काही कळत नाही, पण गेटवाल्याच्या घरात तिनं दहा वर्षं काढली होती. तिनं एकच विचारलं.

"नंबर घेतलात?"

मी "हो" म्हटलं.

का म्हटलं ते आता नीट सांगतो. नऊ दिवस बापलेकीनं एकमेकांना आकडा टाकला नाही हे मला बायकोसमोर कबूल करायचं नव्हतं. आणि टोपी समोर दिसत होती. चालत होती. तोंडातून आपोआप निघून गेलं.

बायकोनं पदरानं डोळे पुसले. लगेच जिन्यात गेली. समोर मोरोक्कोची बाई राहायची, तिच्याकडे मोबाईल. तिच्या दारात उभी राहून बायको मोडक्या हिब्रूत सांगायला लागली, आमची ठीक आहे, नवऱ्यानं पाहिलंय, कॉम्प्युटरवर आहे. तिथूनच किर्यात मलाखी गावातल्या आपल्या बहिणीला कळवायला सांगितलं. दोन जिने वरूनही कोणीतरी विचारलं, तेव्हा खालून उत्तर गेलं, ठीक आहे, ठीक आहे. माझा शब्द जिन्यातून वर चाललेला मी ऐकत होतो.

आणि मी पडद्याकडे बघत होतो. पिवळी टोपी भिंतीला नाक लावून चालत होती. पुढे सरकत नव्हती. पाय मात्र एकसारखे पडत होते, डावा, उजवा, डावा, उजवा. मी म्हटलं, फोनवर बोलत असेल, बटनावर हात राहिला असेल. रेडिओ ऐकत असतील सगळे. आणखी एक मिनिट बघितलं. वळली नाही. माझी मुलगी एका जागी अर्धं मिनिट उभी राहत नाही, लहानपणापासून.

मग मी माझ्या टोपलीकडे बघितलं. संत्र्यांनी भरून वाहत होती. एकही परत गेलं नव्हतं.

परत घेणारं पलीकडे कोणी नव्हतं. मी विचारत होतो, आणि कोणी "नाही" म्हणत नव्हतं, कारण कोणी ऐकतच नव्हतं. आणि ती टोपी? तिची शेवटची चाल उजवीकडची होती. उजवीकडे पळत असले तर उजवीकडे पळवत राहतं. किती वेळ? खबर येईपर्यंत.

कीबोर्डाखालचा कागद ओढून काढला. खालच्या पट्टीत अठ्ठावन्न टाकले. थांबलो. परत टाकले. परत. माझेच आकडे एकाखाली एक चढत गेले. टोपीचे पाय चालू. डावा, उजवा.

मला फोन करायला हवा होता. पण लाईन कॉम्प्युटरनं धरलेली. ती करत असेल, कुठून तरी करत असेल, तर तिला एंगेज लागत असणार. भिंतीतली तार ओढली की फोन मोकळा होणार. पण तार ओढली की पिवळी टोपी जाणार. मला पक्कं ठाऊक होतं की ती टोपी खोटी आहे. माझंच मशीन ती हलवतंय. तरी माझा हात त्या तारेला लागेना. जगात ती तेवढीच हलताना दिसत होती. मी तार धरून ओणवा उभा होतो, आणि गळ्यातून काय आवाज येत होता मला माहीत नाही, पण बायको जिन्यातून धावत आली.

"काय झालं?"

"नंबर नाही घेतला," मी म्हणालो. "नऊ दिवस नाही घेतला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "मग सोडा ती. तार काढा."

मी डोळे मिटून तार ओढली.

हापिसाचा नंबर फिरवला. नुसती टूं टूं. तिच्या मोबाईलवर बाईचा रेकॉर्ड. परत हापिस. परत मोबाईल. बायको म्हणाली, ठेवा खाली, तिला करू द्या. ठेवला. लगेच वाजला. मी झडप घातली. किर्यात मलाखीची मेहुणी होती, म्हणाली, "दाजी, बरं झालं हो, निरोप आला, देवानं..." मी "ठेव! ठेव फोन!" एवढंच ओरडलो आणि आपटला. त्या बिचारीला मी पुढे सहा महिने तोंड दाखवू शकलो नाही.

मग काहीच नाही. आम्ही दोघं फोनच्या दोन बाजूंना बसलो होतो. बायको ओठातल्या ओठात प्रेषित एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलत होती. माझ्या डोळ्यांपुढे तिकडचं काही येत नव्हतं, धूर नाही, रस्ता नाही. एक गवताची बैलगाडी येत होती. ती का, ते पुढे सांगतो.

फोन वाजला तेव्हा मला उचलता आला नाही. बायकोनं उचलून माझ्या कानाला लावला.

"अबा! किती वेळ झाला! एंगेज, एंगेज, एंगेज! कोणाशी बोलत होतास?"

माझ्या तोंडातून काय निघावं? मी म्हणालो, "नंबर सांग."

"काय?"

"नंबर सांग, पोरी."

"तू वेडा झालास का? काचा फुटल्यात इथं, सगळ्यांना खाली काढलं, वीज बंद केली, मोबाईल लागत नाही, मी एका चप्पलवाल्याच्या दुकानातून बोलतेय, मागं वीस माणसं उभी आहेत फोनला, आणि तुला नंबर पाहिजे? कागद वरच राहिला टेबलावर! कुठून सांगू नंबर?"

ती रडत होती आणि शिव्या घालत होती, अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिब्रूत. मागून कोणीतरी "नू, नू" करत घाई करत होतं. मी फोन बायकोकडे दिला आणि जमिनीवर बसलो. खुर्ची होती, पण जमिनीवर बसलो.

दोन दिवसांनी ती घरी आली. कानाच्या मागे पट्टी होती, काच लागली होती. जेवण न घेता आधी कॉम्प्युटरपाशी बसली, मी काय पाहिलं ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, वीज गेली तेव्हाच मुख्य कॉम्प्युटर बंद पडला. त्यानंतरचं सगळं माझ्या एकट्या मशीननं रचलेलं. "खबर तुटली तर किती वेळानं थांबायचं, ते आम्ही लिहिलंच नव्हतं, अबा. हापिसात खबर कधी तुटत नाही. कोणाला सुचलंच नाही." मी म्हटलं, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली, "हो, विचारलं होतंस."

त्यावर आमचा वाद झाला, तो बरा वाद होता. मी म्हणालो, खबर नाही तर बाहुली जागच्या जागी उभी कर आणि लाल झेंडी लाव. ती म्हणाली, रस्त्यावर जराशी खरखर झाली की सगळी बाग झेंड्यांनी भरेल, कोण खेळेल? शेवटी असं ठरलं की थोडा वेळ अंदाजानं चालवायची, मग थांबवायची, आणि थांबली की तिचा रंग उडवायचा, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. हापिसातल्या लोकांना ते आवडलं नाही, बागेत भुतं दिसतात म्हणाले. ती हटली नाही. अडेलपणा कोणाचा, ते मी सांगायला नको.

मलिदा पुढच्या आठवड्यात केला. बायको पोहे भिजवत होती, मी नारळ खवत होतो, मुलगी फळं चिरत होती. भिंतीवर माझं सर्टिफिकेट आहे, रेल्वेनं दिलेलं, काचेत. ते सगळ्या पाहुण्यांना मी दाखवलेलं आहे. गेटात घुसलेली बैलगाडी रुळावर अडकली, गेटमन लाल झेंडी घेऊन आगगाडीच्या दिशेनं धावला, ती थांबवली. मुलगी लहान असताना शाळेत सांगायची ही गोष्ट. त्या दिवशी खवता खवता मी तिला खरी गोष्ट सांगितली. मास्तरांचा फोन आला तेव्हा गवताची गाडी फाटकात होती. रोजचाच गाडीवाला. अर्ध्या मिनिटात पार होईल हे मला ठाऊक होतं, रोज व्हायचा. म्हणून गेट उघडं असतानाच मी नंबर देऊन टाकला. आणि चाक रुळाच्या खाचेत बसलं. मी धावलो ते खरं, आगगाडी पन्नास पावलांवर थांबली ते खरं. पण साहेब चौकशीला आले तेव्हा मी सांगितलं, गेट बंद होतं, ह्यानं लोटून आत घातली. त्या माणसाला दोन दिवस चौकीत बसवला. मला सर्टिफिकेट.

मुलीच्या हातातली सुरी थांबली. मग तिनं आईकडे बघितलं. "इमा, तुला माहीत होतं?"

बायकोनं पोह्यांवरून हात काढला नाही. "मी खोलीच्या दारात उभी होते. गाडी मधोमध होती आणि हे फोनवर आकडा सांगत होते. मी ऐकला. एकोणतीस."

तीस वर्षं तिला तो आकडा पाठ होता. मला आठवत नव्हता.

"मग परवा तार काढली तेव्हा तरी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना त्या दिवशी, नंबर घेतला म्हणून," ती म्हणाली. "आणि तो खोटा निघाला. मला वाटलं, तेवढी अद्दल पुरेल. खवा, खोबरं थोडं आहे."

सर्टिफिकेट मी उतरवलं नाही. उतरवलं असतं तर भिंतीवर चौकोन दिसला असता आणि आल्यागेल्यानं विचारलं असतं. पण पाहुण्यांना दाखवणं सोडलं.

त्यानंतरच्या रविवारी, इथं कामाचा आठवडा रविवारीच सुरू होतो, सकाळी साडेआठला फोन वाजला. मी उचलला. "अठ्ठावन्न," मुलगी म्हणाली, आणि ठेवून दिला. मी कीबोर्डाखालचा कागद काढून अठ्ठावन्नवर रेघ मारली. संध्याकाळी परत, पुढचा आकडा. बाकी एक शब्द नाही, ना कशी आहेस, ना जेवलीस का. तिची अट तशी होती, तीही माझ्यापेक्षा कमी नाही. कागद संपला की मी दुसरा लिहितो आणि शुक्रवारी तिच्या बॅगेत घालतो.

खेळ केव्हाच विकला गेला. आता लाईनही नवी आली, कॉम्प्युटर चालू असताना फोन येतो. आकडे चालू आहेत. साडेआठचे पावणेनऊ झाले तरी मी काही बोलत नाही, पेपर पुढे धरून बसतो. बायको बघते की पान उलटत नाही. ती रेडिओ बंद करते, आणि आम्ही दोघं फोनच्या दोन बाजूंना बसतो.